आत्याच्या पॅराशूटची घडी

दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. रांगेत बसलेल्या विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी वाचायला पुस्तक उघडलं होतं, पण शेजारच्या बाकावर आत्या आणि भाचीची चांगलीच जुंपली होती.

"सत्तराव्या वर्षी कोणी विमानातून उडी मारतं का, आत्या?"

"डॉक्टरांनी दाखला दिला की उद्याच मारते."

"मार. पण तुझ्या पॅराशूटची घडी मी घालणार नाही."

"उड्या मारणाऱ्यांच्या क्लबात रोज वीस जणांची घालतेस ना?"

"ते काही माझ्या आत्या नाहीत!"

"मीही तुझ्यासारख्याच घड्या घालायचे. आमच्या वेळचे पुरुष म्हणायचे, बाईने घडी घातलेलं पॅराशूट आम्ही पाठीवर घेणार नाही."

"मग?"

"मी माझ्या हातच्या घडीची बारा पॅराशूट मांडून ठेवली. म्हटलं, यातलं कुठलंही द्या, मी स्वतः उडी मारते. मेल्यांनी मुद्दाम सगळ्यात गबाळं दिसणारं काढलं."

"आणि तू मारलीस?"

"मारली की! सावरीच्या कापसासारखी अलगद उतरले. दुसऱ्या दिवशी माझ्याच हातची घडी हवी म्हणून त्यांच्यात हे भांडण! आणि आता इतक्या वर्षांनी बाईच्या घडीवर कोणाचा भरवसा नाही, तर माझ्याच भाचीचा!"

तेवढ्यात आत्याला आत बोलावलं. बाहेर आली ती कागद फडकवतच.

"रक्तदाब तिशीतल्या बाईसारखा आहे म्हणाले. बोल, घडी कोण घालणार?"

"मीच. एक नाही, दोन पॅराशूटची घालते. हवं ते तू घे."

"आणि दुसरं?"

"माझ्या पाठीवर."