भिंतीवरून येणारी वायर

—नाही नाही, दादा, भाऊंनी तोंडावर दार लावलं म्हणून राग धरू नका, बसा इथे आमच्या पायरीवर, ती मीटरची पेटी ठेवा खाली — मी समजावते त्यांना, माझं ऐकतात. मध्ये एकच तर भिंत, तीही माझ्या खांद्याएवढी. आमचे हे म्हणतात, तुझा एक कान त्या भिंतीतच चिणलाय. असू दे! कान होता म्हणून वहिनींचं मशीन ऐकू यायचं ना — ऑक्सिजनचं हो, दिवसरात्र घरघर. ती थांबली की मी पिठाच्या हातांनी अंगणात, कारण थांबली म्हणजे त्यांची लाइट गेली. आमची असायची! त्यांची फेज वेगळी, आमची वेगळी, तुम्हाला काय सांगायचं. मग भाऊ भिंतीवरून लांब वायर द्यायचे, बोर्ड त्यांच्याकडे, पिन माझ्याकडे. मी स्वयंपाकघरात लावायची नि ओरडायची, "लागलं का?" आणि वहिनी आतून — श्वास पुरत नसताना, बघा — "लागलं! आता तुमचं दूध बघा, उतू गेलं असेल!" आणि गेलेलं असायचं हो.

म्हणूनच तर भाऊंनी थ्री-फेज मागितलं. एक फेज गेली तर खटका फिरवून दुसरीवर घ्यायचं, शेजारणीला त्रास नको. कसला त्रास? — पण तुमच्या ऑफिसात कधी केबल नाही, कधी माणूस नाही, आणि आज तुम्ही पेटी घेऊन दारात. वहिनींना जाऊन किती दिवस झाले, मी मोजत नाही.

तर समजावते. म्हणते, भाऊ, घेऊन टाका, पुढेमागे उपयोगी पडेल... कोणाला पडेल? एक पंखा नि एक दिवा, एवढं तर घर उरलंय.

एक सांगते, बाहेर बोलू नका. मशीन भाड्याचं होतं, परत गेलं. आणि त्यानंतर पहिल्यांदा त्यांची लाइट गेली, तर भिंतीवरून वायर आली. सवयीने आली असेल. 'आता कशाला' म्हणू मी? — लावली. "लागलं का?" तर भाऊ म्हणाले, "लागलं." पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्यांची खिडकी उंच, मग मी स्टुलावर चढून पाहिलं — पाहिलं हो, आहेच मी तशी! — खिडकीतून दिसलं, वहिनींच्या कॉटवर बसलेत, बोर्ड मांडीवर, त्याला काही जोडलेलं नाही, नुसता बोर्डावरचा तो लाल ठिपका पेटलेला. त्याच्याकडे बघत. एरवी दिवस दिवस कोणाशी शब्द नाही त्या माणसाचा. लाइट गेली की तेवढं एक 'लागलं'. आणि खरं सांगू? — मीपण वाट बघते. त्यांची लाइट जायची.

काय म्हणता? तुमचा माणूस खांबावर चढलाय? भाऊंचा फ्यूज काढलासुद्धा? अहो, विचारायचं तरी — श्श. वायर आली. ती बघा भिंतीवर पिन. हात दिसतोय ना?

आले हं, भाऊ!

सरका, दादा, आत जाऊ द्या मला. आणि उचला ती पेटी. नाही समजावणार मी. ऑफिसात सांगा, शेजारीण भांडकुदळ निघाली, काय वाटेल ते सांगा. आणि त्या खांबावरच्याला म्हणावं, फ्यूज लगेच नको घालूस. थांब म्हणावं जरा.

लागलं का, भाऊ?