जिवंत आहात का?

केंटकीतल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या संगणक विभागाच्या खिडकीशी मी वडिलांना कॉलेजने दिलेला लॅपटॉप परत करायला उभी होते. रांगेत पुढे नर्सिंगच्या दोघी विद्यार्थिनी.

“ट्वायला, तोंड का पाडलंयस?”

“हॅस्कल सर आठवडाभर ईमेलला उत्तर देईनात. शेवटी लिहिलं, जिवंत आहात का?”

“बरं केलंस.”

“अगं, नंतर कळलं, ते मार्चमध्येच गेले. कॉलेजला व्हिडिओसाठी अनुदान आलं तेव्हा रेकॉर्ड केलेले धडे तेवढे ऑनलाइन चालू ठेवलेत.”

“अगं बाई. मग?”

“उत्तर आलं. ‘नाही. त्यांची मुलगी.’”

“एवढंच?”

“एवढंच. आणि आजच्या धड्यात सर हसून म्हणतात, काहीही विचारा, लाजू नका.”

तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली आणि आतल्या बाईंनी मला आडनाव विचारलं. मी ते अगदी हळू सांगितलं.