आमी घरच्याच, साहेब

माहेर माझं हट्ट्याकडचं, सासर वसमत. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, मालक त्याला कधी नावानं बोलला न्हाई, अरे म्हणायचा. म्हणून काय सांगू तुमाला, मला कुनी नुसतं बाई म्हणलं तरी बरं वाटायचं. अकरा वर्षं मी हळदीच्या गोडाऊनमधी काम केलं. लांब कांडी एकीकडं, जाड गट्टू एकीकडं, निवडून निवडून हात पिवळे, घाम पिवळा, शिंकलं तर पदर पिवळा. आमी बौद्ध, हळदीकुंकवाचं आमच्यात काही न्हाई, पन हळद बारा म्हैने अंगावर.

शेठ बोलायला लई गोड. नवी बाई आली की पयल्याच दिशी म्हणायचा, हितं कुनी मजूर न्हाई, तुमी सगळ्या घरच्या. संक्रांतीला शेठानी गोडाऊनमधीच हळदीकुंकू करायची, वाटी वाटायची, आन वर्षभर हळदीत माखलेल्या बायांना आनखी बोटभर हळद लावायची. आमी हसायचो. पन बरं वाटायचं, खोटं काहून बोलू. रजिस्टरात नाव न्हाई, कार्ड न्हाई. विचारलं तर शेठ म्हणायचा, घरच्या मानसाचं नाव कुनी रजिस्टरात लिवतं का? आन आमी माना डोलवायचो.

चंपाबाई तांड्यावरची, माझी जोडीदारीण, जिभेची तिखट. ती पालिशच्या ढोलावर व्हती. वाळलेली हळद त्या ढोलात फिरून फिरून घासती आन चमकती. ढोल फिरवनाऱ्या पट्ट्याला जाळी नव्हती. तिनं तीनदा सांगितलं, शेठ, जाळी बसवा. शेठ म्हणला, घरी विळीला जाळी लावता का, सांभाळूनच चिरता ना. एका दुपारी पट्ट्यात तिचा उजवा हात गेला. तीन बोटं गेली. शेठनं सोताच्या गाडीत घालून दवाखान्यात नेली, बिल भरलं, नारळपानी आनलं. मी रडले, म्हणलं, असा मालक कुठं भेटंल. इकडं ढोल पुसला आन चार वाजता पुन्यांदा चालू केला, तीच हळद पोत्यात भरली. ते मी माझ्या डोळ्यानं पाहिलं आन पुन्यांदा निवडायला बसले.

तिसऱ्या दिशी कामगार खात्याचे साहेब आले. शेठ म्हणला, चंपाबाई कामाला न्हाई, घरच्यावानी येती-जाती, चुकून हात लागला. साहेबानं मला विचारलं, बाई, तुमी हितं कोन? मी पदर सारखा केला, ताठ हुभी ऱ्हायले आन म्हणलं, आमी घरच्याच, साहेब. त्यानं बराबर विचारलं, म्हंजी कामाला न्हाई? म्हणलं, घरच्याच. त्यानं लिवून घेतलं, मी सही केली. अकरा वर्षांत त्या गोडाऊनमधी माझं नाव कागदावर आलं ते त्या एकाच वेळी.

चंपाच्या नवऱ्यानं भरपाईचा अर्ज टाकला तर उत्तर आलं, ही बाई तिथं कामाला होती याला पुरावा न्हाई, साक्षीदाराचा जबाब उलटा हाय. साक्षीदार म्हंजी मी.

म्हैनाभरानं शेठनं शहरातून भाषन करनारा मानूस आनला, सुखानं कसं जगावं ते सांगायला. आमी पोत्यांवर बसलो. चंपाला घरून बोलावून पुढं खुर्चीत बसवलं, साडी दिली, फोटू काढला. मानूस बोलून राहिला, तक्रार करू नका, आभार माना, खोल श्वास घ्या. त्या धुराळ्यात खोल श्वास घेतला तर समद्या बाया खोकायला लागल्या. मंग म्हणला, आता टाळ्या, दोन्ही हातांनी, जोरात, रक्त फिरतं त्यानं. शेठनंच पयल्यांदा सुरू केल्या. चंपा मागं वळली, डावा हात माझ्यापुढं केला आन म्हणली, ए घरचे, माझी टाळी पुरी कर.

मला किळस आली. शेठची आली, त्या मानसाची आली, पन जास्ती माझ्याच तोंडाची आली.

दुसऱ्या दिशी सकाळी हिंगोलीची एसटी धरली, कामगार खात्यात गेले. साहेबाला म्हणलं, माझा जबाब नव्यानं लिवा. मी मजूर हाय, चंपा मजूर हाय, शेठ आमाला रोजानं पैशे देतो. साहेब म्हणले, मंग तवा खोटं काहून बोललात? म्हणलं, खोटं न्हाई, साहेब. तवा मला खरंच वाटलं व्हतं.

खबर शेठला आधीच लागली, त्यानं मला गेटातच अडवलं. म्हणला, घरच्यानंच घर फोडलं, उद्यापासून येऊ नको. म्हणलं, शेठ, घरच्याला कुनी कामावरून काढत न्हाई, मजुराला काढतात. आता तुमीच कबूल केलं.

चंपाचा अर्ज पुन्यांदा उघडलाय, निकाल न्हाई. ती डाव्या हातानं भाकरी थापायला शिकून राहिली, वाकडी झाली की म्हणती, घरच्यांना चालती. मी दुसऱ्या गोडाऊनला निवडायला जाते, तिथं आधी विचारलं, माझं नाव कुठं लिवता ते दाखवा. पोरगी औंदा कापडाच्या दुकानात लागली. फोनवर म्हणली, आई, मालकीन लई मायाळू हाय, पोटच्या पोरीवानी वागवती. म्हणलं, चांगलं हाय बाई, सुखात राह्य. पन तुला कोन म्हणून ठेवलं ते कागदावर वाच आधी, मंग हास.