न लिहिलेलं वाक्य

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“तुझ्या भाच्यानं आपल्या भांडणांवर आपल्यालाच घेऊन छोटा सिनेमा काढला, लोक पोट धरधरून हसले. पण त्यात तू मध्येच ‘आई कुठे गेली?’ म्हणालास, ते काही लिहिलेलं नव्हतं, दादा.”

“मुद्दाम म्हणालो. हसले ना लोक?”

“आईला जाऊन किती वर्षं झाली!”

“म्हणून तर हसले! तुला कधी कळलाय विनोद?”

शिंपीणबाईंनी हसू दाबलं.

“मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे.”

“बरं बाई, तुझंच खरं.”

“असं काय रे? जन्मात कधी माघार घेतली नाहीस. भांड ना माझ्याशी!”

“हळू बोल गं. आई ओरडेल.”