दोन अर्ज, एकच अक्षर

अन् वरतून मलेच इचारतात, बाबूजी, एवढा चांगला ट्रॅक झाला तुमच्या घरामागून, सकाळी तुमी काहून नाई फिरत? काहून फिरू? कोन्या तोंडानं फिरू, तुमीच सांगा... ते लाल-लाल ब्लॉक बसवेल दिसतात ना तुमाले, अन् बाजूनं सायकलीची ते पिवळी पट्टी, ते काईच होऊ नये म्हनून ज्या मानसानं अर्ज केला होता, तो मानूस म्हंजे मी. हाव, मीच. लाज वाटते हो सांगाले, पन सांगतो.

मी केशवराव. चांदूर बाजारच्या एका शाळेत एकतीस वर्षं क्लर्क होतो, रिटायर होऊन चार वर्षं झाले, राहातो खैरखेडले. माळी लोकाईचं गाव, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, वांगे, झेंडू, हेच आमचं सारं. अन् साऱ्या गावात अक्षर कोनाचं चांगलं, तं मायं. मीटरचा अर्ज, राशनचा अर्ज, सासऱ्यानं घराबाहेर काढल्याचा अर्ज, सारे माया दारात. मानूस बाजीवर बसून रडते, मी लिवतो, तो सही करते, अन् मी लिवेल कागद हापिसात गेला का तिथला साहेब आधी अक्षर पाहाते अन् मंग मजकूर. घमेंड होती मले त्याची. होती तं होती म्हनतो, लपवून काय करू?

आता हा ट्रॅक. चांदूर बाजारपासून जुना पाट येते, पानी बंद होऊन वीस वर्षं झाले, त्याच्या काठानं सरकारनं पायी चालाचा अन् सायकलीचा रस्ता केला, दोन किलोमीटर, मारुतीच्या देवळापावतर. तिथं तो असा तुटला जसा कोनी बोलता-बोलता झोपी गेला. शहरातले लोकं बूट घालून याचे, देवळाले हात जोडून परत फिरायचे, अन् देवळापासून पुढं आमचं गाव तीन किलोमीटर, ते कोरडंच. मंग दुसऱ्या टप्प्याले निधी मंजूर झाला. देवळापासून खैरखेडपावतर. फक्त एक अट होती. गावात सभा होईन, कोनाची हरकत असली तं तिचा निकाल लागेपावतर काम थांबन, अन् मार्चपावतर काम सुरू नाई झालं तं निधी जाईन अंजनगावले. म्हंजे एक कागद. एका मानसाचा एक कागद पुरे.

तो कागद मी काहून लिवला? अकरा फुटासाठी. पाटाची जागा सरकारची, अन् मायं घर पाटाले लागून. रिटायर झालो तवा मी मागच्या बाजूनं अकरा फूट पुढं सरकलो. वर टिना टाकल्या, खाली बाथरूमच्या उरेल टाइल्स लावल्या, हिरव्या, मासोळ्याईच्या चित्राच्या, अन् एक झुला टांगला. सकाळी पेपर घेऊन मी त्या झुल्यावर बसो अन् पाय मासोळ्याईवर ठेवो. मले वाटे, एकतीस वर्षं दुसऱ्याईच्या फायली बांधल्या, एवढं तं आपलं असावं... ट्रॅकच्या नकाशात ते मासोळ्या बरोबर मधात येत होत्या.

अन् त्याच आठवड्यात पार्बताबाई आली मायाकडं. पार्बताबाई म्हंजे आमच्या गावची सगळ्यात जुनी भाजीवाली, पासष्टी पार केलेली, डोक्यावर मेथीची पाटी घेऊन हायवेच्या काठानं पाच किलोमीटर बाजारात जाते. ट्रक बाजूनं गेला का पाटीसकट अर्धी फिरते, मंग पुन्हा सरळ होऊन चालते. तिची नात आचल नववीत, त्याच हायवेनं सायकलनं शाळेत जाये. दसऱ्याच्या टायमाले एका ट्रॉलीनं तिले कट मारला, हात मोडला, दोन महिने पलस्तर. अन् बाप म्हने, बस झाली शाळा. पार्बताबाई मले म्हने, बाबूजी, हा रस्ता झाला तं पोरगी शिकन, असा अर्ज लिवा का वाचनाऱ्याले आमी तिथून चालतानी दिसलो पाह्यजे.

लिवला. तुमाले सांगतो, तसा अर्ज मी जिंदगीत लिवला नाई. पाटी आली त्याच्यात, ट्रकचा वारा आला, पलस्तरावर मैतरिनीनं पेनानं काढेल फूल आलं. लिवता-लिवता माया डोयात पानी आलं हो. पार्बताबाईनं अंगठा देल्ला अन् सांबाराच्या दोन जुड्या ठेवून गेली. माया बायकोनं, कौशल्यानं, त्याच सांबाराच्या वड्या केल्या. मी सात खाल्ल्या. सात वड्या खाऊन हात धुतले, पुसले, अन् त्याच टेबलावर, त्याच पेनानं दुसरा अर्ज लिवाले बसलो. लाज वाटते हो सांगाले, पन सांगतो.

त्याच्यात लिवलं, 'पायाने चालण्यासाठी शासनाचा निधी खर्च करणे ही जनतेच्या पैशाची उधळपट्टी असून ग्रामस्थांची तशी कोणतीही मागणी नाही.' कोनतीही मागनी नाई! बाजूले मागनीचा अंगठा वाळून राह्यला होता, शाई बी सुकली नव्हती. अन् खाली नाव कोनाचं? मायं टाकाची तं हिंमत नव्हती. घर कौशल्याच्या नावावर, म्हनून अर्जदार कौशल्या केशवराव. अन् सही... सही बी मीच केली. ती आतमधी भांडे घासून राहिली होती, मले आवाज ऐकू येत होता.

जानेवारीच्या सुरुवातीले सभा झाली, समाजमंदिरात. अमरावतीहून एक इंजिनिअर मॅडम आल्या, गीतांजली मॅडम, लहानशा बांध्याच्या, हळू बोलनाऱ्या. साऱ्या बाया समोर सतरंजीवर, माणसं मागं खुर्च्याईवर, मी पहिल्या खुर्चीवर. मॅडम म्हने, तालुक्यातून बरेच अर्ज आले, पन एक मले वाचून दाखवाचा हाये. अन् पार्बताबाईचा अर्ज वाचला. पलस्तरावरचं फूल आलं तवा आचलच्या मायनं पदर तोंडाले लावला. वाचून झाल्यावर पार्बताबाई उठली, मायाकडं हात केला अन् साऱ्याईले सांगतलं का बाबूजीनं लिवून देल्ला, पैसा बी नाई घेतला. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले. हाव, जोडले! उठलो बी, झुकलो बी.

मंग मॅडमनं दुसरा कागद काढला. म्हने, एक हरकत आलीय. वाचली. सतरंजीवरच्या बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. मॅडमनं दोन्ही कागद टेबलावर एकाजवळ एक ठेवले, थोडा वेळ पाह्यलं, अन् मान वर न करता इचारलं:

"हे दोन्ही अर्ज तुम्हीच लिहिलेत का?"

तुमी माया जागी काय म्हनले असते? मले मालूम नाई. मी काय म्हनलो ते सांगतो.

"मॅडम, मी लिवनारा मानूस. जो जे सांगते ते लिवतो."

संपलं. एका वाक्यात मी बायकोले चाळीस बायाईमधात उभं केलं. मॅडम म्हने, कौशल्याबाई कोन? ती तिसऱ्या रांगेत, पार्बताबाईच्या मागंच बसेल. तिले अर्ज मालूम नाई, हरकत मालूम नाई, सही मालूम नाई. तिनं मायाकडं पाह्यलं. अन् मी वर पंख्याकडं पाहून राह्यलो. पंखा बंद होता, जानेवारीत कोन पंखा लावते? तरी पाहून राह्यलो.

ती उठली. म्हने, "मायाच अर्ज हाये. मागं घेतो."

बस एवढंच. टेबलापाशी गेली, मॅडमनं मागं घेतल्याचा कागद पुढं केला, तिनं खाली सही केली. मॅडमनं ती सही पाह्यली, मंग हरकतीवरची सही पाह्यली, मंग मायाकडं पाह्यलं, अन् दोन्ही कागद फायलीत ठेवून देल्ले. मी म्हनलो, वाचलो.

घरी आल्यावर ती भांडन, अशी माई तयारी होती. नाई भांडली. भाजी-भाकर वाढली, पानी देल्लं, कूलरवर झाकन टाकलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. अन् गावातल्या बायाईनं तिच्यासंगं बोलनं सोडलं. तिच्यासंगं, मायासंगं नाई! मले तं रस्त्यानं रामराम घालत. सोमवारच्या भजनाले कौशल्या गेली तं टाळ दुसरीच्या हातात. नळावर गेली का गोष्टी बंद. अन् मी झुल्यावर. पेपर वाचत होतो. लाज वाटते हो सांगाले, पन सांगतो.

मंग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दरवर्षी सारं गाव येते तिच्याकडं. तिनं दिवाळीतच वान आनून ठेवेल होतं, चाय गाळाच्या चाळण्या, लाल मुठीच्या, चाळीस. जांभळं लुगडं नेसली, ताट सजवलं, तिळगुळाचा डबा ठेवला अन् दारात उभी राह्यली, चार वाजता. बाया समोरूनच जात. बाजूच्या घरी जात, त्याच्या बाजूच्या घरी जात, मायं दार आलं का पदर सारखा करत अन् पुढं. पाच वाजले, सहा वाजले. ती एकदा बी बसली नाई. दिवेलागनीले तिनं ताट आत आनलं, कुंकवाचा करंडा बंद केला. मी म्हतलं, चाय टाकू का?

ती म्हने, "टाका. चाळण्या बम हायेत, चाळीसच्या चाळीस."

तुमाले सांगतो, एकतीस वर्षं हेडमास्तरच्या शिव्या खाल्ल्या, कधी काई वाटलं नाई. तो चाय मी गाळू नाई शकलो. चायाचा गंज, म्हंजे पातेलं, हातात घेऊन चुल्यापाशी तसाच उभा राह्यलो. तवा ती मागून आली, अन् पहिल्यांदा बोलली त्या गोष्टीवर. म्हने, अकरा फूट जागेचा मोह झाला तुमाले, ते मी समजलो. भेव वाटलं, ते बी समजलो. "पन माई सही केली तुमी, ते बी चुकीची."

मी म्हनलो, चुकीची कशी?

तिनं बोटानं ओट्यावर सांडेल पिठात लिवून दाखवलं. कौसल्या. सपरचंदाचा स. चौथीपावतर शिकली ती, मास्तरनं तसंच शिकवलं, तशीच सही करते ती जलमभर, बँकेत बी, मतदानात बी. अन् मी श लिवला, शहामृगाचा. लग्नाले चौतीस वर्षं झाले हो! साऱ्या गावाचे अर्ज लिवले मी, कोन ऱ्हस्व काढते, कोन दीर्घ काढते, सारं तोंडपाठ, अन् घरची बाई आपलं नाव कसं लिवते हे मले मालूम नाई. मॅडमले एका नजरेत दिसलं. मले चौतीस वर्षांत नाई.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी गेलो पार्बताबाईपाशी. ती मेथीच्या जुड्या बांधत बसेल, आजूबाजूले आपल्याच गावच्या पंधरा-सोळा बाया. मी खाली उकिडवा बसलो अन् हळूच म्हतलं, बाई, ते हरकत कौशल्याची नव्हती, माई होती. ती म्हने, काय? एका कानानं कमी ऐकते ती, मी नेमका त्याच कानापाशी बसेल. थोडं मोठ्यानं म्हतलं. ती म्हने, वांगे पाह्यजे का? आता मले उठा लागलं. उभा राह्यलो, अन् भर बाजारात वरडलो का हरकत मी लिवली, सही मी केली, कौशल्याले काईच मालूम नव्हतं. गिऱ्हाईकं थांबले, वांगेवाल्याचा काटा थांबला.

पार्बताबाईनं जुडी बांधून पूर्न केली. मंग म्हने, "मले सांगून काय करता बाबूजी? तिचं हळदीकुंकू गेलं ना."

मी म्हनलो, हाव. गेलं.

"रथसप्तमीपावतर राह्यते ते," म्हने, अन् तोंड फिरवून दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलाले लागली.

त्याच सांजी आल्या. अडोतीस बाया. मोजल्या मी, काहून का चाय मलेच टाका लागला. त्या हासत होत्या, कौशल्याच्या गळ्यात पडत होत्या, एकजन रडत बी होती, अन् मी चुल्यापाशी. मायाशी कोनी बोललं नाई. जाता-जाता प्रत्येकीनं चाळणी घेतली अन् एकेकदा आत डोकावून मले पाहून गेली, जसं पोलीस ठाण्यात पाहातात. बसलो. पाहू देल्लं.

टिना मी सोताच काढल्या, तीन दिवस लागले. मासोळ्या सबलीनं उखडल्या, एक बी साबूत नाई निघाली. मार्चच्या आत काम सुरू झालं, दिवाळीले ट्रॅक झाला. आचल दहावीले गेली, त्याच रस्त्यानं जाते, घंटी वाजवते मले पाहून. पार्बताबाईनं पाटी सोडली, नातीच्या जुन्या सायकलले दोन्हीकडून थैल्या लटकवते अन् धरून चालते. अन् लोकं मले म्हनतात, फिराले या ना बाबूजी. ते झालं सारं त्यांच्यासाठी. मले नाई जमत. मी अजून हायवेच्या काठानंच जातो, ट्रक बाजूनं गेला का फिरतो, मंग सरळ होतो.

आता तिसऱ्या टप्प्याची बोलनी चालू हाये, खैरखेडपासून पुढं नदीपावतर. मांगल्या आठवड्यात पुन्हा सभा झाली, पुन्हा त्याच मॅडम. कागद वाचून झाल्यावर त्याईनं इचारलं, कोनाची हरकत असली तं हात वर करा. अन् साऱ्या मंदिरानं माना वळवल्या. सतरंजीवरच्या बायाईनं, खुर्च्याईवरच्या माणसाईनं, कौशल्यानं, मॅडमनं बी, साऱ्याईनं मायाकडं. मायं तं त्या पाच मिनिटात असं डोकं खाजलं, असं खाजलं, का सांगता सोय नाई... पन हात मी मांडीखाली दाबून बसलो.