पंप दप्तरातच राहील

मुख्याध्यापिका : कुलूप तोडलंत तुम्ही! हातोडीनं!

सिस्टर : हातोडी कुठली मिळायला बाई? प्रयोगशाळेतलं दोन किलोचं वजन होतं.

मुख्याध्यापिका : मी थट्टा करत नाहीये. चौदा वर्षं या शाळेच्या परिचारिका आहात. मुलांची औषधं कार्यालयाच्या कपाटात आणि किल्ली लेखनिकाकडे, हा नियम तुम्हाला पाठ आहे.

सिस्टर : पाठ आहे. आणि काल लेखनिक जेवायला बाहेर गेले होते. चौथीतली एक पोरगी मैदानातून आली ती खांदे उचलत. बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते, एक वाक्य धड बोलवत नव्हतं. तिचा दम्याचा पंप तिच्यापासून हातभर अंतरावर, पण लोखंडी दाराआड. किल्लीची वाट बघत बसले असते तर आज आपण कुलपाबद्दल बोलत नसतो.

मुख्याध्यापिका : ते मला कळतं हो. पण संस्थेला काय उत्तर देऊ?

सिस्टर : ही माझी नोंदींची वही दाखवा. मी आले त्या वर्षी शाळेत पंप लागणारी मुलं चार. यंदा सदतीस. मुलं तेव्हाही सहाशे, आताही सहाशेच. सारखं नाक गळणारी, अंगावर पित्त उठणारी, शेंगदाणा खाल्ला की ओठ सुजणारी, त्यांची पानं निराळी.

मुख्याध्यापिका : आमच्या लहानपणी कुठे होतं हे सगळं? दिवसभर धुळीत लोळायचो.

सिस्टर : होतं की. 'छाती भरते' म्हणायचे आणि पोराला घरी बसवायचे. आता दम्याचं नाव लवकर कळतं, त्यानं आकडा जरा फुगतो, हे मला मान्य. पण चाराचे सदतीस काही नुसत्या नावानं होत नाहीत. समोरचा रस्ता बघा, किती गाड्या झाल्या. घरांच्या खिडक्या बंद, भिंतींना ओल. नेमकं बोट कशावर ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, तो माझा प्रांत नाही. मला एवढंच दिसतं, चार पंपांसाठी केलेला नियम सदतीसांना तोकडा पडतो.

मुख्याध्यापिका : मग तुमचं म्हणणं काय?

सिस्टर : ज्याचा पंप त्याच्या दप्तरात. आणि तो कसा द्यायचा ते प्रत्येक शिक्षकाला यायला हवं.

मुख्याध्यापिका : दप्तरात? मुलं खेळणं करतील त्याचं.

सिस्टर : दोन दिवस करतील. तिसऱ्या दिवशी कंटाळतील.

वडील : कुणी दिला माझ्या मुलीला पंप?

मुख्याध्यापिका : अहो, दार वाजवून आत यायची पद्धत असते. कोण आपण?

वडील : चौथीतल्या त्या मुलीचा बाप. सुतार आहे, फर्निचरच्या कारखान्यात. अर्धी रजा टाकून आलोय. बायकोला बजावलं होतं मी, पंप नको म्हणून. एकदा सवय लागली की जन्माची. आणि तिनं मला न सांगता शाळेत आणून ठेवला!

मुख्याध्यापिका : आवाज खाली ठेवा आधी.

सिस्टर : बोलू द्या बाई, घाबरलेत ते. मी दिला पंप, दादा. आज कशी आहे ती?

वडील : मजेत. आज घरीच ठेवलंय, सकाळपासून धाकट्या भावाशी भांडतेय.

सिस्टर : मग सवय कसली लागली? श्वास घ्यायचीच ना?

वडील : तुम्हाला काय, बोलायला सोपं आहे.

सिस्टर : सोपं नव्हतं. काल तिनं माझा हात असा धरला होता की नखं रुतली. हे बघा, अजून दिसतात. श्वासनळ्या आवळल्या होत्या तिच्या. पंपानं त्या सैल होतात, बस्स. त्याचं व्यसन लागत नाही. थोड्या वेळानं मला म्हणते, 'सिस्टर, माझा डबा राहिला.' या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या. असा झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध असतं.

वडील : ताई... एक विचारू? माझ्यामुळे झालं का हे? अंगावर भुसा घेऊनच घरी जातो मी. पॉलिशचा वासही असतो.

सिस्टर : तुमच्यामुळे झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण भुशानं, वासानं तिचा त्रास वाढू शकतो. कपडे कारखान्यातच बदलत जा. डोकं, हात धुऊन मग घरी.

वडील : मी पोचलो की दारातच गळ्यात पडते हो ती.

सिस्टर : पडू द्या की. धुतलेल्या सदऱ्यावर पडू द्या.

मुख्याध्यापिका : सिस्टर, ती वही इकडे द्या.

सिस्टर : कशाला?

मुख्याध्यापिका : आजच सूचना काढते. पंप दप्तरातच राहील. संस्थेला मी बघून घेईन. शिक्षकांना शनिवारी शिकवा. पहिल्या बाकावर मी बसते.

वडील : शनिवारी मला सुट्टी नसते. आत्ताच दाखवाल का? घरी वेळ आली तर... मी कधी हातातसुद्धा घेतला नाही तो.

सिस्टर : या, बसा. हा शिकवायचा आहे, यात औषध नाही. आधी चांगला हलवा. आता हे नळकांडं त्याला जोडा. श्वास सोडा. नळकांडं तोंडात, ओठ घट्ट. दाबा. आणि सावकाश आत ओढा. घाई नको. आता धरून ठेवा.

मुख्याध्यापिका : किती वेळ धरायचा?

सिस्टर : जमेल तेवढा. मनात दहा मोजायचे.

वडील : (श्वास सोडत) इतकंच?

सिस्टर : इतकंच, दादा.