शर्यतीच्या साहेबाला माझा एकच प्रश्न

अगं, तो शर्यतीवाला साहेब मला जन्मात विसरायचा नाही. मोडनिंबच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत होती आणि माझी नात सायली त्यात गाडी पळवणार होती. सुरू व्हायच्या आधी साहेब माइकवर म्हणाला, "विचारा काय विचारायचं ते."

पोरं विचारत सुटली, परदेशी गाड्या कधी आणणार, पुढची शर्यत कुठं. साहेबाकडं सगळ्याला उत्तर तयार. उन्हानं माझा जीव उबगला होता, तरी उठले.

"अँब्युलन्स कुटं हाय?"

"येतीय की, आजी."

"मग येऊ दे," म्हणून सुरुवातीच्या रेघेवरच फतकल मारून बसले.

साहेब वैतागला. "आजी, शर्यत बघायला आलाय का बंद पाडायला?"

"शर्यत तुमी बघा. मी नातीला धड घरी न्यायला आलीय."